रुजुवात घेणार

"साहेब, हा आता किती दिवस काढेल ते मी पण नाय सांगू शकत," चिमणभाईनं पेचकस कानामागे खोवला आणि चुरींच्या घरातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याला कान लावला. "तुम्ही पण ऐका. कट कट कट. येते ने ऐकायला? हार्ड डिस्क हाय ती. अशी बोलायला लागली की वरचा बुलावा आला समजा."

काशीनाथ चुरी वाकले. डब्यात खरंच कुणीतरी नखानं पत्रा वाजवत होतं. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

"दुरुस्त होईल ना पण?"

"मशीन होईल. का नाय होणार? नवीन डिस्क बसवतो, विंडोज टाकतो, नव्या नवरीसारखा करून देतो. पण आतमंदी जे लिवलेला हाय ते सगळा जाणार. ते आधी उतरवून घ्या. बॅकअप. फ्लॉपीवर घ्या, म्हणजे ओरिजिनल गेला तरी तुमच्याकडे कॉपी राहते."

"म्हणजे नक्कल."

"हां, नक्कल! तुम्हाला तर मी काय शिकवू, साहेब? तुमची तर जिंदगी गेली त्याच्यात."

हे चेष्टेनं म्हटलेलं नव्हतं. चिमणभाई सरळ माणूस होता. डहाणू रोडला फुग्यांच्या कारखान्यामागच्या गल्लीत त्यानं आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि आता पाटीवरचा जुना शब्द खरवडून तिथं 'कॉम्प्युटर' असं रंगवून घेतलं होतं. आणि काशीनाथांची जिंदगी खरंच नकलांमध्ये गेली होती. तलासरीच्या कचेरीत नक्कल खात्यात ते चिकटले तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आणि आता दोन महिन्यांनी नारळ मिळायचा होता. कुणाला सातबारा हवा, कुणाला आजोबाच्या वेळचा फेरफार. ते दप्तरातून काढायचं, अस्सल बरहुकूम उतरवायचं आणि खाली दोन सह्या. एक 'नक्कल करणार' आणि दुसरी 'रुजुवात घेणार', म्हणजे अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवून अक्षराला अक्षर ताडून पाहणारा. ही दुसरी सही काशीनाथांची. झेरॉक्स आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता रुजुवात कशाला? काशीनाथ झेरॉक्सचीही रुजुवात घेत. "चुरीसाहेब आरशात बगतात ना, तवा पण आधी ताडून बगतात," असं कचेरीतला शिपाई म्हणायचा, आणि सगळ्यांबरोबर काशीनाथही हसायचे. लोकांनी हसावं आणि आपणही त्यांच्यात सामील व्हावं, याहून मोठं बंड त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"मग मी करतो नक्कल," ते म्हणाले. "रविवारी करतो. सोमवारी येऊन मशीन न्या."

"मीच करून देऊ? दहा मिनटाचा काम हाय."

"नको. माझं मी करतो."

त्या डब्यात मुक्ता होती. ती दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची?

मुक्ता ही त्यांची बायको. झरीच्या शाळेत मास्तरीण होती. मसोलीच्या घरून दोघं सकाळी एकाच एसटीनं निघत. तलासरीला काशीनाथ उतरायचे, तिची झरी पुढे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात जे काही बोलणं व्हायचं ते या दोघांचंच, आणि त्यातलंही पंधरा आणे तिचं. वर्गात बोलून दमत नाही ती घरी काय दमणार? एकदा सकाळी फळ्यावर तारीख लिहिताना तिच्या हातातला खडू पडला आणि खडूमागोमाग तीही पडली. उजवं अंग गेलं आणि अंगाबरोबर बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, तिला समजतं सगळं, फक्त जिभेवर येत नाही. म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. आवाज यायचा. सूरही तोच यायचा, विचारल्याचा, रागावल्याचा. पण शब्द नुसते अक्षरांचे ढीग. "टगळे मनो पा, कसर," असं ती म्हणायची आणि उत्तराची वाट पाहत नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. काशीनाथ "हो, हो" म्हणायचे. मग ती तोंड फिरवून घ्यायची, कारण हा माणूस न कळता 'हो' म्हणतोय हे तिला चांगलं कळायचं.

डाव्या हातात पाटी-पेन्सिल देऊन पाहिली. अक्षरं यायची, पण वेडीवाकडी, एकमेकांवर पडलेली. जिच्या फळ्यावरचं अक्षर पाहून साहेब लोक शेरा लिहून जायचे, ती बाई ते अक्षर कसं सोसणार? लिहायची आणि लगेच तळव्यानं पुसायची. शेवटी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली.

मार्ग काढला तो शेजारच्या राऊतांच्या दर्शननं. हा मुलगा डहाणू रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. क्लासनं जुनी मशीनं विकायला काढली तेव्हा त्यातलं एक त्यानं काशीनाथांना घ्यायला लावलं. मराठीचा फॉन्ट होता, पण त्यात अक्षरं कीबोर्डभर पसरलेली. एका हातानं सगळीकडे पोचणं मुक्ताला जमेना. तेव्हा या पोरानं तिच्या डाव्या हातासाठी वेगळा फॉन्ट बनवला. रोजची अक्षरं डाव्या बाजूला बोटाखाली, अडीअडचणीची उजवीकडे. तो एक फॉन्ट जगात एकाच बाईसाठी होता. ती तरी एका खेपेत कुठली ऐकते! क इथे नको, त तिथे नको, असं खुणेनं सांगून तिनं तो पुन्हा पुन्हा बदलायला लावला, आणि दर्शननं कंटाळा न करता बदलला. काशीनाथांनी त्या अक्षरांचा तक्ता आपल्या वळणदार हातानं लिहून टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला आणि कीबोर्डवर चिठ्ठ्या डकवल्या. दोन महिन्यांत बाईंना सगळं पाठ झालं. बोटाला डिंक लागतो म्हणून त्यांनी चिठ्ठ्या नखानं काढूनही टाकल्या.

आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

संध्याकाळी काशीनाथ तलासरीहून आले की चपला काढायच्या आधी पडद्याकडे बघायचे. काना, मात्रा, वेलांटी यांत वेळ जातो म्हणून ती सरसकट गाळायची. 'अह, चह घय' असं असलं की अहो, चहा घ्या. परक्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. काशीनाथांना तिच्या आवाजातच ऐकू यायचं. ते मोठ्यानं उत्तर द्यायचे, ती टकटक करून पुढचं विचारायची. दिवसभर तिच्याजवळ लाडकी असायची. लाडकी मूळची झरीच्या पाड्यावरची, तिची दोन्ही पोरं मुक्ताच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे ती कामाला म्हणून आली आणि घरची होऊन राहिली. लाडकी सांगायची, "भाऊ, बाय दिसभर लिवं. जेवाला बोलवला तरी उठं नाय."

कारण मुक्ता चहापाण्यापुरतं लिहीत नव्हतीच. दुपारभर ती लांबलचक काहीतरी लिहायची, आणि संध्याकाळी नवरा आला की बोटानं पडद्याकडे दाखवायची. काशीनाथ पहिल्या दोन ओळी वाचायचे. दिवसभर जुनी मोडी-मराठी कागदपत्रं बघून डोळे शिणलेले. पडद्याच्या उजेडानं पाणी यायचं. ते म्हणायचे, "रविवारी सगळं वाचू हं, सावकाश." ती मान हलवायची आणि ते पान जपून ठेवून द्यायची. रविवारी बाजार, रविवारी तिची औषधं, रविवारी कुणी ना कुणी भेटायला. मग पुढचा रविवार. ती कधी रागावली नाही. बोलती असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

श्रावणात दुसरा झटका आला आणि मुक्ता गेली.

त्यानंतर काशीनाथांनी मशीनवर तिच्या जुन्या साडीचा तुकडा टाकून ठेवला. आठवड्यातून एकदा चालू करायचे, कारण समुद्राच्या हवेनं आतून गंजतं असं दर्शननं मस्कतला नोकरीवर जाताना बजावलं होतं. पण पानं उघडायचे नाहीत. मनाशी त्यांचं ठरलं होतं. निवृत्त झालं की दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बसायचं आणि लोक पोथी वाचतात तसं रोज एक पान वाचायचं. घाई करायची नाही. निवृत्तीनंतर काय करणार, असं कचेरीत कुणी विचारलं की ते म्हणत, "वाचन." लोकांना वाटे, म्हातारा ज्ञानेश्वरी घेऊन बसणार. काशीनाथांजवळ पुढच्या आयुष्यासाठी दुसरं काही नव्हतं आणि दुसरं काही नको होतं.

आणि नेमकं आता हे कट कट.

रविवारी त्यांनी सकाळीच दार लोटून घेतलं. चिमणभाईनं नव्या फ्लॉप्यांचा डबा देऊन ठेवला होता. काशीनाथ एक एक पान फ्लॉपीवर उतरवू लागले. मशीन मध्येच अडायचं, कट कट करायचं, मग पुन्हा चालायला लागायचं. देवाची करणी म्हणा, पण त्या दिवशी त्यानं दगा दिला नाही. दुपारपर्यंत 'मुक्ता' नावाच्या कप्प्यातलं सगळं उतरलं.

दुसरा कुणी असता तर तिथं थांबला असता. काशीनाथ थांबले नाहीत. रुजुवात राहिली होती ना! त्यांनी पहिली फ्लॉपी पुन्हा घातली, तीवरचं पहिलं पान उघडलं, आणि मशीनमधलं तेच पान शेजारी उघडलं. पहिली ओळ, मधली ओळ, शेवटची ओळ. बरोबर. दुसरं पान.

आता हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काशीनाथ कामाला लागले तेव्हाच्या अव्वल कारकुनानं त्यांना एक शिकवण दिली होती. "चुरी, रुजुवात घेणारानं मजकूर वाचायचा नसतो. मजकूर वाचायला लागलास की डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि अक्षर निसटतं. भाऊबंदकी असो, खून असो, तुला काय त्याचं? तू अक्षर बघ." ही शिकवण त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. तालुक्याची भांडणं डोळ्यांखालून गेली आणि त्यांतलं एकही त्यांना सांगता आलं नसतं. त्या रविवारीही डोळा आपोआप तसाच चालला. मुक्ताचं पानामागून पान उघडत होतं, मिटत होतं, आणि ते अक्षर बघत होते. वाचायचं पुढे आहेच की. पोथीसारखं, रोज एक.

फक्त एकदा डोळा अडकला. एका पानाची पहिलीच ओळ होती, 'तय दवश झरचय बसमधय तमह'. त्या दिवशी झरीच्या बसमध्ये तुम्ही. काशीनाथांना हसू आलं. कुठला दिवस? झरीच्या बसमध्ये आपण कधी होतो? आपण तर तलासरीलाच उतरायचो. बोट खालच्या ओळीकडे निघालं होतं. त्यांनी ते मागे घेतलं, शेवटची ओळ ताडली आणि पान मिटलं. आत्ताच वाचलं तर पोथी मधूनच उघडल्यासारखं व्हायचं.

संध्याकाळी ते उठले तेव्हा पाठ धरली होती, पण मन हलकं झालं होतं. सोमवारी चिमणभाई मशीन न्यायला आला.

"सगळा उतरवला ने, साहेब? बराबर चेक केला?"

"पानन् पान," काशीनाथ म्हणाले. "रुजुवात घेतलीय मी."

"मग झाला. तुमची सही म्हणजे कलेक्टरची सही."

आठवड्यानं निरोप आला. कचेरी सुटल्यावर काशीनाथ डहाणू रोडला उतरले, थेट गल्लीत गेले. मशीन झकास चाललं होतं, आवाज नाही, काही नाही. चिमणभाईनं त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि पहिली फ्लॉपी आत सारली. पडदा भरला. इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंबं, कंस. माकडाच्या हाती टाइपरायटर द्यावा तसं.

"हे काय?"

"ते फॉन्ट नाय ने. थांबा." चिमणभाई निर्धास्त होता. "माझ्याकडे मराठी फॉन्ट हाय. लग्नपत्रिका करतो ने आम्ही." त्यानं काहीतरी दाबलं.

पडद्यावर मराठी अक्षरं आली. काळीभोर, सुबक. काशीनाथ पुढे सरकले आणि वाचू लागले. ओठ हलू लागले. 'फढ गसे णपम, टूव.' पुढची ओळ. 'लकर झा थेप.' अक्षर अन् अक्षर मराठी, आणि बोलणं कुठलंच नाही. विचारल्यासारखं काही, रागावल्यासारखं काही. झटक्यानंतरच्या त्या पहिल्या महिन्यांत ती अशीच बोलायची. खाटेवरून अशीच बघायची, उत्तराची वाट पाहत.

"हो, हो," ते पुटपुटले.

"काय बोलला, साहेब?"

"काही नाही. दुसरा फॉन्ट लावून पाहा."

दुसरा लावला, तिसरा लावला. प्रत्येक फॉन्टमध्ये मुक्ता वेगळं काहीतरी बरळत होती. चिमणभाईचा चेहरा हळूहळू उतरला. "साहेब, हे लिवला कुठल्या फॉन्टमंदी?"

काशीनाथांनी सांगितलं. चिमणभाईनं कपाळाला हात लावला. "अरे देवा! एकाच माणसासाठी बनवलेला? मग त्याची फाईल कुठे हाय? ती पण उतरवायला पायजे होती ने! ती विंडोजच्या पोटात असते, लिवलेल्याच्या बरोबर नाय येत."

"पण मी ताडून पाहिलं होतं! फ्लॉपीवरचं उघडून पाहिलं. सगळं नीट दिसत होतं."

"कुठल्या मशीनवर उघडला?"

मग काशीनाथांनाच कळलं. अस्सलच्या घरात बसून नक्कल ताडली होती. तिथं ती नीट दिसणारच. फॉन्ट तिथं होताच. बाहेरच्या एकाही मशीनवर फ्लॉपी लावून पाहिली असती तर त्याच दिवशी उमगलं असतं. पण बाहेर नेऊन ताडायची रीत कचेरीत नव्हती. दप्तर बाहेर काढायला तर मनाई. जन्मभर जी काळजी घेतली तीच नेमकी गळ्याशी आली.

चहा आला आणि गार झाला. चिमणभाईनं भंगाराच्या खोक्यातून जुनी डिस्क शोधून काढली, फुंकली, लावून पाहिली. कट, कट, आणि मग तेही नाही. त्यानं ती हलवली, उलटी केली, पुन्हा लावली. दुकान बंद करायची वेळ झाली तरी तो बिचारा लावतच होता. शेवटी म्हणाला, "साहेब, मला विचारायला पायजे होता तुम्हाला, कुठला फॉन्ट. माझीच भूल."

"तुमची कशाला? सही माझी होती," काशीनाथ म्हणाले.

मस्कतचा नंबर राऊतांकडून घेऊन त्यांनी स्टेशनजवळच्या बूथवरून फोन लावला. दर्शनचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता.

"काका! बरे आहात ना? काय झालं?"

काशीनाथांनी सांगितलं.

"काका, ती फाईल मी क्लासच्या मशीनवर केली होती. क्लास तर कधीच बंद झाला, मशीनं कुठं गेली देव जाणे. माझ्याकडे… मी कशाला ठेवणार, काका? ती काकूंचीच होती."

"कुठल्या जागेवर कुठलं अक्षर, ते आठवतं का तुला? थोडं तरी?"

"क डाव्या कोपऱ्यात होता बहुतेक. नाही, तो नंतर त्यांनी हलवायला लावला. काका, त्यांनी इतक्या वेळा बदललं… शेवटचा तक्ता तुम्ही भिंतीवर लावला होता की! त्यात असेल बघा."

तक्ता! बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसं झालं. वर्षश्राद्धाला लोक येणार म्हणून काशीनाथांनी घर रंगवून घेतलं होतं. रंगाऱ्यानं विचारलं होतं, हा कागद ठेवायचा का? भिंत पोपडे धरत होती, आणि तक्ता समोर दिसला की तिचं बोट दिसायचं. ते म्हणाले होते, काढ. आता त्या जागी गुळगुळीत पिवळी भिंत होती. घरी येऊन त्यांनी तीवर हात फिरवून पाहिला. मग कीबोर्ड उचलून खिडकीपाशी नेला. डावीकडच्या सगळ्या कळा तिच्या बोटांनी घासून चकचकीत झालेल्या, कोऱ्या. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दोन चिठ्ठ्या तेवढ्या जशाच्या तशा शाबूत होत्या. एक ङ आणि दुसरी ञ. मराठी माणसाला ज्यांचा जन्मात उपयोग पडत नाही अशी दोन अक्षरं काशीनाथांच्या हाती लागली.

त्यांनी सोडून दिलं नाही. चिमणभाईनं पानं होती तशी, इंग्रजी खुणांतच छापून दिली होती, ती घेऊन बसले. तालुक्याचं कसलंही फाटकं, वाळवी खाल्लेलं अक्षर लावणारा माणूस. मग बायकोचं अक्षर लागणार नाही? पुष्कळ पानांची सुरुवात सारखी दिसली. ते 'अह' असणार, म्हणजे दोन अक्षरं सुटली. पण ती दोन घेऊन पुढे गेलं की काना नाही, मात्रा नाही, एकेका अक्षरसमूहाचे दहा शब्द व्हायचे आणि दहाही खरे वाटायचे. ते 'झरी' शोधत होते, 'बस' शोधत होते. त्या दिवशी झरीच्या बसमध्ये तुम्ही. तुम्ही काय? रडलात? हसलात? झोपलात? मी उतरायचं विसरून तिच्याबरोबर पुढे गेलो होतो का कधी? लग्नानंतरचे पहिले दिवस आठवून पाहिले, पावसाळे आठवून पाहिले. आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, तिनं डाव्या हाताच्या बोटानं एकेक टिपून ठेवलं होतं, आणि त्यांनी पहिली ओळ, मधली ओळ, शेवटची ओळ बरोबर असल्याची खात्री करून घेतली होती. ते पान कुठलं तेही आता ओळखू येत नव्हतं. निवृत्तीचा समारंभ झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. साहेबांनी भाषणात सांगितलं की चुरींनी ताडलेल्या नकलेत आजवर कधी चूक निघाली नाही. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी काशीनाथांनी आंघोळ केली आणि ओटीवर पानं घेऊन बसले. ठरवलेलं होतं म्हणून बसले. काही होणार नव्हतं हे त्यांना कळून चुकलं होतं.

तेवढ्यात लाडकी आली. आता ती चिकूच्या वाडीत कामाला जायची, पण मधून मधून शेवग्याच्या शेंगा, भाजी असं काही घेऊन फेरी मारायची. शेंगा खाली ठेवून ती ओटीच्या पायरीवर टेकली.

"मशीन दुरुस झाला का, भाऊ?"

"झाला."

"हा कागुद त्यातला? बायनं लिवलेला?"

"हो."

लाडकीनं मान वाकडी करून कागद पाहिला. तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या लेखी काशीनाथांच्या हातातला कागद आणि देवळातली पोथी सारखीच. "बाय लिवं तवा मी भाजी निवडत बसं तिच्या म्होरं," ती म्हणाली. "लिवता लिवता हसं ती. येकलीच. मंग कधी डोळं पुसं. मी इचारं, बाय, काय झाला? तर हात हालवं, काय नाय, काय नाय. तिना लय मजा येवं लिवाया."

काशीनाथांनी पान मांडीवर ठेवलं. ती हसत होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"येकदा मी इचारला तिना," लाडकी म्हणाली, "बाय, माजा नाव हाय का गं त्याच्यात? तर हसली नं अशी मान केली. हाय का भाऊ? तू तर वाचला आसशील ना सगळा. माना दाव ना, कुठं हाय?"

काशीनाथांनी पान पुन्हा हातात घेतलं. खुणा, टिंबं, कंस. आयुष्यात त्यांनी न ताडलेल्या एका शब्दाखालीही सही केली नव्हती. अक्षर लागत नसलं तर तसं लिहायचं, 'मूळ अक्षर लागत नाही', आणि रिकामी जागा सोडायची, हा नियम. त्यांनी लाडकीकडे पाहिलं. ती पदराला बोट पुसून तयार बसली होती.

"हे बघ," त्यांनी मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं. लाडकी."

लाडकीनं त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट अलगद टेकवलं. "येवढासा?"

"हो."

"आन म्होरं काय लिवलाय?"

"पुढे…" काशीनाथांनी बोट पुढे सरकवलं. "लाडकी होती म्हणून माझे दिवस गेले, असं लिहिलंय."

"खरा?"

"खरं."

लाडकी बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून बसली. मग तिनं डोळे पुसले, हसली, आणि पान काशीनाथांच्या बाजूला सरकवलं.

"आन तुजा नाव कुठं हाय, भाऊ?"

काशीनाथांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग पान जवळ ओढलं आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली.